हातांवर बसा

८ सप्टेंबर, सोमवार

खेळायला शिकवणारी बाई आज पहिल्यांदा आली. हृदयाच्या डॉक्टरांनी पाठवलेली. सासूबाईंना दारातच हसू फुटलं. पोरीला खेळायला शिकवायला बाई! उद्या जांभई द्यायला शिकवणारी पण पाठवतील. हे त्या कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, पण बाईला ऐकू गेलं. ती पण हसली. चपला काढल्या, हात कोपरापर्यंत धुतले आणि सोफा सोडून सरळ खाली बसली. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान असेल.

मुंगी चटईवर होती, पाठीला उशी लावून बसवलेली. मुंगी हे तिचं खरं नाव नाही, पण जन्मली तेव्हा एवढीशी होती की खरं नाव तिच्यावर सैल पडायचं. आता वर्ष होऊन गेलं तरी आम्ही तिला जिथे ठेवू तिथेच ती असते. फुलदाणीसारखी.

बाईने विचारलं, काय काय करते? याने, मुंगीच्या बाबाने, माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंकडे.

"फार गुणी आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "रडणं म्हणून नाही. घरात मूल आहे हे शेजाऱ्यांना अजून माहीत नाही."

बाईचं हसू थांबलं. कधीच रडत नाही? मी सांगितलं, ऑपरेशनच्या आधी रडली की निळी पडायची, म्हणून रडू देत नाही. आणि ऑपरेशननंतर?

मी चहा टाकायला उठले.


९ सप्टेंबर, मंगळवार

चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी. पाय दुखले. बाकी काही नाही.


१२ सप्टेंबर, शुक्रवार

बाईचा तो प्रश्न डोक्यात बसलाय. आणि ऑपरेशननंतर?

मुंगी जन्मली तेव्हा तिच्या हृदयात भोक होतं आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं. रडली की ती वाट आणखी आवळायची. आधी ओठ निळे व्हायचे, मग नखं, मग सगळीच. तिचे गुडघे छातीशी दाबून धरायचे आणि रंग परत येईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहायचं. "या बाळाला रडू द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. एवढं एकच वाक्य. आम्ही त्याच्यावर घर उभारलं.

भूक लागायच्या आधी दूध. झोप यायच्या आधी मांडी. खेळण्याकडे तिची नजर वळायच्या आत ते तिच्या हातात. याने दारावरच्या घंटीची तार काढून टाकली. मिक्सर न्हाणीघरात नेऊन, दार लावून चालवायचा. भांडायचं ते कुजबुजून. कुजबुजून भांडलं की भांडण फार टिकत नाही, त्यामुळे आमचा संसार बाहेरून बराच सुखाचा दिसत असावा.

एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, उत्तम झालं, आता हिला इतर मुलांसारखं वाढवा. मी त्यांना विचारलं, गाडी लावल्याच्या पावतीवर शिक्का कुठे मारून मिळतो. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग खरंच सांगितलं — खाली, दुसरी खिडकी.

इतर मुलांना कसं वाढवतात? आमच्याकडे ही एकच आहे.


१५ सप्टेंबर, सोमवार

खेळताई आली. हे नाव याने ठेवलं, बाईपेक्षा बरं.

तिने मुंगीला उचललं आणि आम्ही तिघं एकदम पुढे झालो. कारण तिने काखेत हात घालून उचललं! दवाखान्यातून घरी सोडताना नर्सने सांगितलं होतं, छातीचं हाड भरून येईपर्यंत काखेतून उचलायचं नाही, खालून दोन्ही हात घालून ताटासारखं उचलायचं. ते काही आठवड्यांचं होतं, खेळताई म्हणाली. हाड केव्हाच भरलंय. आम्ही अजून ताट वाढून आणतोय.

मग तिने मुंगीला स्वतःच्या मांडीवर पालथं घातलं. मुंगीला पालथं पडणं माहीत नाही. ती कपड्यासारखी लोंबली. खेळताई हळू बोलत होती, बोलताना मुंगीच्या पाठीवरून हात फिरवत होती. अशी मुलं महिनोन्‌महिने उताणी राहतात. नळ्या, पट्ट्या, टाके. मान, खांदे, हात, कशालाच काम मिळत नाही. ते सगळं भरून काढता येतं, हेच वय आहे त्याचं. पण त्याला मुलाचं स्वतःचं हवं असणं लागतं. हवं असलं तर मूल हात लांब करतं, तिकडे सरकतं, आवाज काढतं, आवाजाचे पुढे शब्द होतात. हवंच नसेल तर बसवाल तिथे बसून राहील.

मुंगीला एकच वस्तू खरी आवडते. माझ्या चष्म्याचं घर. तपकिरी, कडक, मिटताना टप्‌ असा आवाज करतं. खेळताईने ते चटईवर तिच्यापासून थोडं लांब ठेवलं. मुंगीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा हात आपोआप गेला.

"मुंगीच्या आई," खेळताई म्हणाली, "हातांवर बसा."

मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. तर नाही. तळवे मांडीखाली घालून खरोखर हातांवर बसायचं. तेवढ्यात सासूबाईंचा हात गेला. मग त्यांनाही बसवलं. मग याला. लिफ्ट दुरुस्त करणारा सहा फुटी माणूस हातांवर बसलेला मी प्रथमच बघितला. तिघं रांगेत, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

मुंगीने आमच्याकडे बघितलं. वाट बघितली. कुणी हललं नाही. मग तिने मान फिरवली आणि भिंतीकडे बघू लागली.

मी म्हटलं, शांत आहे ती. रडली नाही.

"तिने सोडून दिलं," खेळताई म्हणाली. "रडलेलं चालेल मला. हे नको."


१६ सप्टेंबर, मंगळवार

भिंतीकडे वळलेली मान. बाकी आज काही लिहिण्यासारखं नाही.


१७ सप्टेंबर, बुधवार

सासूबाई हातांवर बसणार नाहीत. जाहीर केलं त्यांनी, भाजी निवडता निवडता, हळू आवाजात. हे हात देवाने काय बूड टेकायला दिलेत? आणि आता रडायची शिकवणी लावलीच आहे तर परीक्षा कधी तेही विचारून ठेव, सूनबाई. पहिला नंबर काढेल आपली पोर.

त्यांनीच थोड्या वेळाने, भाजीकडे बघत, सांगितलं. फेब्रुवारीत, ऑपरेशनच्या आधी, एका दुपारी मी दुकानात होते, हा कुठल्याशा इमारतीत. सुई टोचायला आलेल्या नर्सची पाठ वळली आणि पोरीने रडायला घेतलं. नर्स खाली पोचलेली. सासूबाई एकट्या. गुडघे दाबून धरलेले, आणि पोर मांडीवर राखेच्या रंगाची. त्यांनी तेव्हा आम्हाला एवढंच सांगितलं होतं की जरा निळी झाली होती, आता बरी आहे.

"तू नव्हतीस तिथे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. भाजीची जुडी संपली तरी हात निवडतच होते.


१९ सप्टेंबर, शुक्रवार

दुकानाच्या मागच्या खोलीतून हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. विचारलं, मुंगी रडली तर चालेल का?

त्यांना प्रश्नच कळला नाही. रडू द्या की, म्हणाले. सगळी मुलं रडतात. तुम्ही सांगितलं होतं रडू द्यायचं नाही, मी म्हटलं. "अहो, ते तेव्हाचं होतं!" आणि हसले. वाईट माणूस नाही. तेव्हाचं संपून आत्ताचं सुरू झालंय, हे आमच्यापैकी कुणाला सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. एवढंच.

राग यायला हवा होता. वाट बघितली. नाही आला. मग एका बाईच्या चष्म्याची सैल दांडी घट्ट करून दिली.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरांचं काय जातंय. त्यांच्या मांडीवर थोडीच होती.

आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांनी सांगितल्यावरही संध्याकाळी मुंगीचं तोंड जरासं वाकडं झालं, आणि चष्म्याचं घर तिच्या हातात कधी गेलं ते मला कळलंसुद्धा नाही. माझाच हात. कळणं वेगळं आणि हात वेगळे.


२२ सप्टेंबर, सोमवार

आज एक आजोबा आले होते. तपासणीची जड फ्रेम नाकावर, समोर अक्षरांचा फळा. मी काच बदलायची आणि विचारायचं — हे बरं की मघाचं? आजोबांचं काही ठरेना. पुन्हा दाखवा. मघाचं. नाही, हे. थांबा हं. मी थांबले. घाई केली की माणूस काहीतरी ठोकून देतो आणि चुकीचा नंबर घेऊन घरी जातो. मग पंधरा दिवसांनी तक्रार घेऊन येतो. दुकानाचे मालक गिऱ्हाइकासमोर म्हणाले, आमच्या बाईंसारखा धीर कुणाकडे नाही.

हातात काच तशीच धरून राहिले. वीस वर्षं मी हेच करतेय. दोन गोष्टी समोर धरायच्या आणि समोरच्याचं उत्तर येईपर्यंत तोंड मिटून उभं राहायचं. परक्या माणसांसाठी जमतं.

संध्याकाळी खेळताईला हे सांगितलं. ती एवढी खूश झाली की मांडीवर थाप मारली. तेच करा, म्हणाली. अगदी तेच. दुकान घरी आणा.


२३ सप्टेंबर, मंगळवार

एका हातात केळ्याचा तुकडा, एका हातात चष्म्याचं घर. हे की ते? मुंगी माझ्या नाकाकडे बघत राहिली.


२८ सप्टेंबर, रविवार

याला सुट्टी. सकाळपासून दारापाशी स्टुलावर उभा, हातात टेस्टर. घंटीची तार परत जोडतोय! मी विचारलं नाही, सासूबाईंनी विचारलं. हा फार बोलणारा माणूस नाही. वर तोंड करून, तारेकडे बघत बोलला, म्हणून एवढं तरी बोलला.

लिफ्टमध्ये माणूस अडकला की घंटा दाबतो. मग आम्ही जातो. एकदा एका इमारतीत रहिवाशांनीच घंटा काढून टाकली होती, मुलं उगाच दाबतात म्हणून. दोन मजल्यांच्या मध्ये एक बाई अर्धा दिवस अडकून होती. लिफ्ट बंद आहे म्हणून लोक जिन्याने जात-येत होते. कुणाला पत्ता नाही.

"ओरडली नाही का ती?" सासूबाई.

"सुरुवातीला ओरडली असेल. मी दार उघडलं तेव्हा खाली बसली होती. शांत." मग स्क्रू पिळत म्हणाला, "आपण घंटा काढली, आई."

सासूबाई आत निघून गेल्या.

दुपारी त्याने बाहेर जाऊन घंटी दाबली. केवढी कर्कश! मी विसरूनच गेले होते. मुंगी दचकली, दोन्ही हात फाकले, खालचा ओठ पुढे आला, थरथरला. मग ओठ परत आत गेला. तिने दाराकडे बघितलं. नंतर बराच वेळ दाराकडेच बघत होती, आणखी वाजेल म्हणून.


३० सप्टेंबर, मंगळवार

बहिणीचा फोन. कशी आहेस? ठीक. नाही, खरं सांग. ठीकच.

खरंच ठीक आहे. ऑपरेशनच्या दिवशी, दवाखान्यातल्या लांब बाकावर, मला रडू फुटणार होतं. सासूबाईंनी मनगट धरलं. रडायचं नाही, लेकरांना कळतं. त्या मला धीर देत होत्या. मी गिळलं ते गिळलंच. नंतर सगळं छान झालं, तेव्हा बाहेर यायला हवं होतं. आलं नाही. डोळे चुरचुरतात फक्त. कोरड्या डोळ्यांसाठी आम्ही थेंब विकतो, त्याची एक बाटली माझ्या एप्रनच्या खिशात असते. दिवसातून चार-पाचदा घालते. मालक म्हणतात, काम जास्त होतंय.

आणखी एक. दुकानात रंगीत काचांचे नमुने असतात, गॉगलसाठी. लहान लहान गोल, एका ट्रेमध्ये. त्यात एक निळसर राखी आहे. नेमका तोच रंग. मी तो मुंगीच्या जन्मानंतर सगळ्यात खाली घातलाय. कुणी निळ्यातलं काही दाखवा म्हटलं की मी समुद्री निळा काढते.


६ ऑक्टोबर, सोमवार

पालथं पडून मुंगीने मान वर धरली! खेळताईने गुंडाळलेला टॉवेल तिच्या छातीखाली घातला होता. व्रणाची उभी रेघ टॉवेलवर, आणि मान वर. जेमतेम. मग नाक चटईवर आपटलं. तिला राग आला असावा असं खेळताई म्हणते. मला दिसला नाही. मी हातांवर बसले होते आणि हातांना मुंग्या आल्या होत्या. हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं तर हा हसला. बऱ्याच दिवसांनी.

डिसेंबरमध्ये डॉक्टरांकडे तपासणी आहे, मुंगीची वाढ कशी चाललीय त्याची. खेळताईला विचारलं, तोवर होईल? ती म्हणाली, डिसेंबरचं सोडा, तिला मागायला सुरुवात करू द्या. बाकीचं मागून येईल.


९ ऑक्टोबर, गुरुवार

हे की ते? चष्म्याच्या घराकडे तिने बघितलं. नक्की बघितलं. मी दिलं. टप्‌.


१०, शुक्रवार

पुन्हा! दोनदा.


१४ ऑक्टोबर, मंगळवार

मी कामावर असताना सासूबाई सगळं हातात देतात. मला माहीत आहे. त्यांना माहीत आहे की मला माहीत आहे. खेळताईने आज फोनवर मला विचारलं, घरी दोन कायदे चाललेत का? मी म्हटलं, एकच आहे, पण तो सासूबाईंचा आहे.

भांडावं का? पण त्या दुपारी मांडी त्यांची होती.


१९ ऑक्टोबर, रविवार

नीट लिहून काढते.

हा सकाळीच कामावर गेला, कुठेतरी लिफ्ट अडकली होती. मुंगीच्या जेवणाची वेळ. मी तिच्यासमोर बसले. एका हातात भाताचा चमचा, दुसऱ्या हातात चष्म्याचं घर. हे की ते? तिने घराकडे बघितलं. सरळ, स्वच्छ. आजोबांपेक्षा पक्कं उत्तर. आणि मी चमचा पुढे केला.

का केला? भात निवत होता म्हणून. उत्तर मागितलं, उत्तर मिळालं, आणि मी माझंच केलं. दुकानात असं कधी केलं नसतं.

मुंगीने चमचा ढकलला.

भात माझ्या गुडघ्यावर. मी तिच्या हाताकडे बघतेय. याच हाताने ढकलला? तोवर तिचं तोंड उघडलं होतं. आवाज नाही. नुसतं उघडं तोंड, मिटलेले डोळे, श्वास आत अडकलेला. ती जी जागा असते, आवाज फुटायच्या आधीची, तिथेच ती पूर्वी निळी पडायची. सासूबाई खिडकीतल्या खुर्चीवरून उठल्या. या वयात एवढ्या चपळ! हात आधीच पुढे, गुडघे दाबायच्या तयारीने.

"आई, थांबा."

हे मी म्हटलं. कुजबुजून नाही.

आणि मी हातांवर बसले. दोन्ही तळवे फरशीवर, वर माझं सगळं वजन. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता मला बाजूला ढकलतील. त्या खाली बसल्या, माझ्या शेजारी, गुडघे कुरकुरले त्यांचे. हात मांडीखाली घातले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी मुंगीच्या ओठांकडे बघत होते. फक्त ओठांकडे.

मग आवाज फुटला.

केवढा! एवढ्याशा छातीत हे कुठे होतं? ती रडत होती, श्वास घेत होती, पुन्हा रडत होती. ओठ बघतेय मी. गुलाबी. मग लाल. कान लाल, कपाळ लाल, मान लाल, बंडीच्या गळ्यातून दिसणारं व्रणाचं टोक लाल. बोटं चष्म्याच्या घराकडे ताणलेली. नखं — लाल.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "ही लाल होते."

हो. लाल होते. इतर मुलांसारखी. मला माहीत नव्हतं. रडताना मी तिला एकाच रंगाची ओळखत होते.

चष्म्याचं घर दिलं. तिने मागितलंच होतं, कधीचं. हुंदके देत देत तिने ते मिटलं. टप्‌.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. मी दार उघडलं तर समोरच्या घरातल्या बाई. त्यांनी आत डोकावून बघितलं आणि विचारलं, तुमच्याकडे बाळ आहे का?

"आहे तर," सासूबाई म्हणाल्या. खालूनच. त्यांना अजून उठता येत नव्हतं.

मला काय वाटलं ते लिहायला बसले होते. काही तरी सरकल्यासारखं. बर्फाची लादी सरकते तसं, तुटत नाही, नुसती सरकते. डोळ्यांत थेंब घालून झोपते.


२० ऑक्टोबर, सोमवार

खेळताईला सासूबाईंनीच सांगितलं. अभिनयासकट! पोरीच्या तोंडापासून माझ्या "थांबा"पर्यंत. सून ओरडली हो माझ्यावर, या घरात आल्यापासून पहिल्यांदा. हे तक्रारीच्या सुरात, पण दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा याला.


२६ ऑक्टोबर, रविवार

गुणी बाळ गेलं. आता चमचा नको तर नको. टोपी नको. आंघोळीनंतर टॉवेल नको. सासूबाई म्हणतात, शिकवणीच्या बाईला विचार, रडायचं बंद करायची शिकवणी वेगळी असते का.

पालथी पडून सरकते आता, पण मागे! हातांनी रेटते आणि हवं ते लांब जातं. मग लांब गेलं म्हणून रडते. हा म्हणाला, वरचं बटण दाबलं की खाली जाणाऱ्या लिफ्टा मी रोज बघतो. वायरी उलट्या लागल्यात, एवढंच. मोटर चालू आहे ना?

खेळताई म्हणते, पुष्कळ मुलं आधी मागेच जातात. हातात जोर आधी येतो. उचलून पुढे ठेवू नका. हातांवर बसा.

बसतो. तिघंही. सासूबाई आता उशी घेऊन बसतात, हात दुखतात म्हणून.


२९ ऑक्टोबर, बुधवार

दुकानात ट्रे पुसायला काढला होता. तो निळसर राखी खालून वर आणून जागेवर ठेवला. एका मुलीने तोच निवडला. छान दिसतो म्हणाली. बिल केलं.


२ नोव्हेंबर, रविवार

दुपारी स्वयंपाकघरात माझ्या हातून मोठं झाकण पडलं. स्टीलचं. घर दणाणलं. आम्ही तिघं जागच्या जागी थिजलो आणि सवयीने मुंगीकडे बघितलं. ती बाहेर चटईवर, पालथी. तिने फक्त मान वर केली. झाकण फरशीवर गोल गोल फिरून थांबलं, आणि मी खाली बसले आणि रडायला लागले. मोठ्याने. घाणेरड्या आवाजात. थांबेचना. सासूबाई माझ्याकडे धावत होत्या. "आई, थांब," हा म्हणाला. मग चटईवरून कापड घासल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मी हातांवर बसले. मुंगी आली. पुढे.